उस्मान मिस्त्रीचं धूर पाहणं

गेल्या थंडीत नातवाची डिझेल जीप सकाळी सुरूच होईना. मेकॅनिक आला, त्याने बॉनेट उघडलं आणि लगेच पान्हे काढून खोलाखोल मांडली. मी काठी टेकत गाडीच्या मागे गेलो आणि म्हटलं, "एक डाव फिरव." इंजिन गरगरलं, पेटलं नाही, नळीतून पांढरा धूर आला. मी वाकून वास घेतला. कच्च्या तेलाचा, डोळ्याला झोंबणारा वास. "पंपाले हात लावू नको," मी म्हटलं, "तेल येऊन राह्यलं, जळून नाही राह्यलं. आतलं गरम करणारे प्लग पाह्य." मेकॅनिक हसला. नातूही हसला. दुपारी दोन प्लग मेलेले निघाले. मी कोणाला काही बोललो नाही. फक्त काय निघालं ते चार वेळा विचारलं.

संध्याकाळी नातू म्हणाला, "आबा, तुम्ही चौथी शिकलेले. हे कुठं शिकले?"

म्हणून लिहायला बसलो. मला लिहायची सवय नाही, पण ज्याच्याकडून शिकलो त्याला तर सहीसुद्धा येत नव्हती. तेव्हा मी त्याच्यापेक्षा बराच.

ही गोष्ट नांदुऱ्याच्या एका जिनातली आहे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताबरोबर होतं, सरकारी कागद नागपूरहून यायचा. जिनात कपाशीतून सरकी वेगळी करणारी यंत्रं होती, त्यांनाही जिनंच म्हणत, आणि ती सारी एका पट्ट्यावर फिरवायला एक मोठं विलायती डिझेल इंजन होतं. त्याचं चाक माझ्यापेक्षा उंच. मी जिनांचा फिटर, वय तिशीचं, अंगात मस्ती. आणि इंजनखोलीचा धनी उस्मान मिस्त्री.

धनी म्हणजे जिनाचे मालक शेटजी नव्हेत. शेटजी आले तरी दारात चपला काढायचे. मिस्त्रीनं कधी सांगितलं नव्हतं, पण त्या खोलीची फरशी इतकी स्वच्छ असायची की माणसाला आपोआप लाज वाटावी. मिस्त्री उंच, काटकुळा, दाढी मेंदीनं लाल केलेली. चाकाजवळ त्याचा लाकडी स्टूल. त्याच्यावर बसून तो दिवसभर इंजनाकडे नाही, भिंतीकडे तोंड करून बसायचा. मी एकदा विचारलं, "चाचा, काऊन असे बसता?"

"तू सासऱ्यासमोर बसतो तं त्याच्या तोंडाकडे पाहत बसतो काय बे? कान तिकडे असला म्हनजे झालं."

त्याच्या खोलीत विडी बंद, तंबाखू बंद, आणि कांदा खाऊन आलेल्या माणसाला दाराबाहेरूनच बोलावं लागे. "नाकात कांदा बसला की धूर समजत नाही," म्हणायचा. ईदच्या दिवशी सारी मुसलमान आळी अत्तरानं घमघमायची, हा एकटा नुसता साबणानं न्हालेला. त्याची बायको, आमची चाची, मला म्हणायची, "गनपत, यानं लग्नातबी अत्तर लावलं नाही. मी पयल्या दिवशी वास घेतला तं डिझेलचा." आणि मिस्त्री शांतपणे म्हणायचा, "मंग बावीस वर्षं टिकली ना?"

इंजन अडलं की तो कधी लगेच पान्हा उचलायचा नाही. आधी विचारायचा. "काल चालत होतं का? काल ते आज काय बदललं? पानी कोनतं भरलं, तेल कोनत्या पिंपातलं, हवेच्या जाळीले कोन हात लावला?" मला याचा फार राग यायचा. मला वाटे, इंजन बंद आहे आणि हा म्हातारा पोलिसासारखा जबान्या घेऊन राहिला. एकदा मी त्याचं न ऐकता पंप खोलला, सगळे भाग घासलेटात धुऊन परत बसवले, आणि इंजन तसंच अडलेलं. मिस्त्रीनं फक्त तेलाचा कॉक उघडला. तो बंदच होता. मग हात पुसून तो परत स्टुलावर जाऊन बसला, आणि तेच मला जास्त लागलं.

धुराचं त्याचं शास्त्र असं. "काळा धूर म्हनजे जेवन जास्त झालं, नाही तं हवा कमी पडली. निळा म्हनजे अंगात घातलेलं वंगन जळून राह्यलं, पिस्टनच्या रिंगा पाहा. पांढरा म्हनजे खाल्लं पन पचलं नाही. एक तं इंजन थंड, नाही तं तेलात पानी." हे मला पुढे शिकलेल्या लोकांनीही असंच सांगितलं, पण त्यांना इतकं बोलायला अर्धा तास लागला.

आणि त्याची खरी रीत निराळी होती. जिनातून नुकती निघालेली रुई तो मूठभर घ्यायचा, लांब लोखंडी सळईला गुंडाळायचा आणि बाहेर जाऊन धुराच्या नळीच्या तोंडाशी धरायचा. मग तो बोळा काढून बोटांनी चुरायचा, हुंगायचा, कधी जिभेला लावायचा. रुई कोरडी आणि काजळलेली निघाली की काळा. चिकट झाली की निळा. ओली आणि गार लागली की पांढरा. जिनात पेटती गोष्ट आणि रुई जवळ आणायची बंदी होती, म्हणून बोळा विझवायला तो बादली घेऊनच निघायचा. साऱ्या जिनाला वाटे, म्हाताऱ्याची खोड आहे.

एकदा भर हंगामात दुपारी तो बोळा हातात घेऊन सरळ कापसाच्या गाड्यांच्या रांगेत आला. जिनं जोरात चालू होती. मोठ्यानं म्हणाला, "आत्ता कोनाचा कापूस घातला हो?"

एक जाडजूड पाटील पुढे झाले. भरजरी फेटा, हातात छडी. "माझा. काऊन?"

"ओला हाये."

"तुले काय ठाऊक बे? तू तं खोलीत बसतो!"

"इंजन काळं थुकून राह्यलं, पाटील. अर्ध्या घंट्यापासून. जिन जड झालं म्हनजे इंजन जास्त खाते. तुमच्या कापसानं पानी पेलं हाये."

वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणं हे तेव्हा काही जण करायचे. पाटील म्हणाले दव पडलं. मिस्त्रीनं वर आभाळाकडे तोंड केलं, फेब्रुवारीचं ऊन तापलं होतं, आणि म्हणाला, "हाव. तुमच्याच गाडीवर पडलं." रांगेतले लोक पोट धरून हसले. पाटलांनी कापूस परत अंगणात पसरून वाळवला, आणि दोन दिवस त्याच्या राखणीला स्वतः बसले.

आता मिस्त्रीच्या डोळ्यांचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

एका हंगामाअखेर मी खोलीत गेलो तर मिस्त्री खुंटीवरच्या माझ्या कोटाला म्हणत होता, "बस बे गनपत, उभा काऊन?" मी मागे उभा. मी हसलो. तो दचकला. मला वाटलं गंमत करतो. पण मग त्यानं चहा बशीत ओतला आणि तो बशीच्या बाहेर गेला. तेव्हा मला कळलं.

"किती दिवसांपासून, चाचा?"

"दोन वर्षं. जाळं आलं डोळ्यावर. उजेड समजते, मानूस आला समजते. रंग नाही समजत."

म्हणजे हा माणूस दोन वर्षं धुराचा रंग न पाहता इंजन चालवत होता! ती रुई म्हणजे खोड नव्हती.

"कोनाले सांगू नको," तो म्हणाला. "नवा मॅनेजर मुंबईकडून आला. तो कागदाचा मानूस. त्याले समजलं तं मले घरी बसवंल. घरी बसून मी काय ऐकू? चाचीले? तिले बत्तीस दात हायेत आन एकबी रिकामा राहत नाही."

हसत बोलला, पण बोटांनी स्टुलाची कड घट्ट धरली होती. त्याला पगाराची काळजी नव्हती, मुलगी भुसावळला सुखात होती, जावई बोलावत होता. त्याला ती खोली सुटायची भीती होती.

मग आम्ही दोघांनी एक खूण ठरवली. मॅनेजरसमोर धुराचा विषय निघाला तर मी खोकायचं. एक खोकला काळा, दोन निळा, तीन पांढरा. मी चौथी शिकलेला, पण एवढं मोजता येत होतं.

पुढच्या हंगामाचा मुहूर्त आला. दसरा होऊन गेलेला. मुहूर्ताला इंजनाची पूजा व्हायची. शेटजींच्या आई, त्यांना सारे माँजी म्हणत, त्या दरवर्षी स्वतः यायच्या. सत्तरीच्या, बुटक्या, नथ हलवत बोलणाऱ्या. आदल्या वर्षी त्यांनी मिस्त्रीला विचारलं होतं, "उस्मान, हा एवढा मोठा देव, याचं तोंड कोनतं?" मिस्त्रीनं तेलाच्या टाकीचं झाकण दाखवून म्हटलं होतं, "हे, माँजी. इथून खाते."

त्या दिवशी सकाळी अंगणात पन्नासेक बैलगाड्या उभ्या. पूजा झाली, नारळ फुटला, माँजी पेढे वाटायला बाहेर गेल्या. मिस्त्रीनं हवेचा कॉक उघडला. आमचं इंजन दाबलेल्या हवेनं सुरू व्हायचं. शेजारी लोखंडी टाकीत हवा भरलेली असे, एक झटका दिला की चाक फिरायचं आणि डिझेल पेट घ्यायचं. चाक फिरलं. पेटलं नाही. दुसऱ्यांदा फिरलं. भस्सकन नळीतून धूर आला आणि चाक थांबलं. तिसऱ्यांदाही तेच.

मी हवेचा काटा पाहिला. एका झटक्यापुरती हवा उरली होती. ती संपली की हाताच्या पंपानं भरायला आठ माणसांना दुपारपर्यंत लागायचं, आणि मुहूर्त टळायचा.

मॅनेजर साहेब खिशातलं घड्याळ काढून उभे. शेटजी घाम पुसत होते. मॅनेजर त्यांना म्हणाले, साऱ्यांना ऐकू जाईल असं, "मी आपल्याला गेल्या महिन्यातच म्हटलं होतं. माणूस म्हातारा झाला. आज इंजिन सुरू झालं नाही तर मुंबईहून शिकलेला मिस्त्री बोलावू या. उद्याच तार करतो." शेटजी नाही म्हणाले नाहीत.

मग मॅनेजर मिस्त्रीकडे वळले. "मिस्त्री, धूर कोणत्या रंगाचा आला?"

मिस्त्रीनं तोंड माझ्याकडे केलं. मी तीन वेळा खोकलो. पण हंगामाची साफसफाई दोन दिवस चालली होती, नाकातोंडात रुईचा भुस्सा गेलेला, घसा आधीच खवखवत होता. तिसऱ्या खोकल्यानंतर चौथा आला. पाचवा आला. मी तोंडावर हात दाबला तर सहावा नाकातून आला. माँजींनी बाहेरून धावत पाणी आणलं, तेव्हा कुठे सातवर थांबलो.

मिस्त्री मॅनेजरकडे वळला. मग शांतपणे म्हणाला, "साहेब, रंग तं तुम्हीबी पाह्यला. तुमचे डोळे जवान हायेत. मी वासाचा मानूस. मले वास घेऊ द्या."

तो रुईचा बोळा घेऊन नळीपाशी गेला. बादली मी धरली. बोळा चुरला, हुंगला. मला हळूच म्हणाला, "ओला हाये. गार. कच्चं तेल आन पानी. काल संध्याकाळी मी इंजन चालवून पाह्यलं, झकास होतं. काल ते आज काय बदललं रे?"

"पूजा," मी म्हटलं.

आम्ही टाकीपाशी आलो. तळाचा कॉक त्यानं जरासा उघडला आणि ओंजळ धरली. डिझेलच्या आधी पाणी आलं. त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं आणि त्याच्या भुवया वर गेल्या. माझ्या कानाशी म्हणाला, "गोड हाये बे." तेवढ्यात ओंजळीत काहीतरी पडलं. झेंडूची पाकळी. त्याला दिसली नसेल, पण बोटांना कळली. त्यानं मूठ मिटली.

माँजींनी देवाच्या तोंडात नारळाचं पाणी आणि कलशातलं तीर्थ ओतलं होतं! आणि टाकीच्या तोंडावरची जाळी, जिच्यातून फूल खाली गेलं नसतं, ती धुवायला काढून मीच फळीवर ठेवली होती. परत बसवायची राहिली. हे आजवर मी कोणाला सांगितलं नव्हतं. आता लिहून टाकतो.

मॅनेजर पुढे आले. "काय निघालं?"

"पानी, साहेब."

"पाणी? तेलात पाणी कुठून?"

माँजी दारात उभ्या होत्या, पेढ्यांचं आणि हळदीकुंकवाच्या वाट्यांचं ताट हातात. त्यांचा चेहरा उतरला. मिस्त्रीला तो दिसत नव्हता, पण ताटातल्या वाट्या किणकिणल्या आणि त्यानं तिकडे कान केला.

"पावसाळ्यात पिंपं बाहेर उभी होती," मिस्त्री म्हणाला. "आडवी ठेवाले पाह्यजे होती. माझी चुकी."

पिंपं शेडात होती. मला माहीत, त्याला माहीत, आणि माँजींनाही माहीत. मॅनेजर म्हणाले, "पाहिलंत, शेटजी? स्वतःच कबूल करतो!"

मिस्त्रीनं त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. टाकीचं पाणी पूर्ण सोडलं. पंपाच्या नळीचा आटा ढिला करून बुडबुडे जाईपर्यंत तेल वाहू दिलं. मग म्हणाला, "गनपत, चहावाल्याची सारी आधणं आन." गाडीवाल्यांसाठी चार मोठ्या भांड्यांत पाणी उकळत होतं. ते त्यानं इंजनाच्या थंड पाण्याच्या जागी ओतायला लावलं, म्हणजे अंग गरम होईल आणि तेल लवकर पेटेल. चहावाला बोंबलला. गाडीवाले म्हणाले, आमच्या तोंडचा चहा इंजनानं पेला. मिस्त्री म्हणाला, "त्याले दिवसभर राबाचं हाये, तुम्हाले बसून राहाचं हाये."

मग त्यानं चाकावर हात फिरवून ते बरोबर जागी आणलं. एका हाताची बोटं चाकावर, दुसरा हात हवेच्या कॉकवर. काट्याकडे पाहून मी म्हटलं, "चाचा, एकच हाये."

"मले एकच लागते."

हवा सुटली. चाक जडपणे फिरलं, एक धाप लागली, दुसरी लागली, आणि मग धडाड! नळीतून एक पांढरा लोट, मग राखाडी, मग काहीच नाही. नुसती वर थरथरणारी हवा. पट्टा ताणला, जिनं गरगरली. अंगणातल्या बैलांनी कान टवकारले आणि गाडीवाल्यांनी एकदम आरोळी ठोकली.

शेटजी खूश होऊन पुढे आले. खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी दोन्ही हातांवर मिस्त्रीपुढे धरलं. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून इंजन ऐकत होता. मग वळला, आणि समोर धरलेल्या उपरण्याकडे न पाहता हात पुसायला बाजूचा फडका चाचपू लागला. शेटजींचे हात तसेच. मला खोकायचंही सुचेना.

मॅनेजर मोठ्यानं म्हणाले, "याला दिसत नाही! शेटजी, हा माणूस आंधळा आहे."

मिस्त्रीचा हात फडक्यावर थांबला.

माँजी पुढे आल्या. ताट माझ्या हातात दिलं, मुलाच्या हातातलं उपरणं घेतलं आणि टाचा उंचावून मिस्त्रीच्या खांद्यावर टाकलं. मग मॅनेजरकडे वळल्या. नथ थरथरत होती.

"साहेब, तुमाले दिसते ना? मंग सकाळपासून तुमी काय पाह्यलं?"

मॅनेजरनी घड्याळ खिशात ठेवलं.

"टाकीत पानी म्या ओतलं. कलशातलं. यानं माझी लाज झाकली." मग शेटजींना म्हणाल्या, "याचा स्टूल इथंच राहील. काटा वाचाले गनपतले बसव बाजूले. तो नाही तं नुसता खोकत फिरते."

मी त्या दिवसापासून त्या खोलीत बसलो. संध्याकाळी घरी जाताना मिस्त्री मला वाटेत म्हणाला, "सात रंगाचा धूर मी उभ्या जन्मात पाह्यला नव्हता, गनपत."

त्यानंतर पाच हंगाम तो तिथे राहिला. मी काटा वाचायचो, तो बाकी सारं. आमची भांडणं रोज व्हायची. मी म्हणायचो रिंगा गेल्या, तो म्हणायचा नाही, आणि खोलल्यावर त्याचंच खरं निघायचं. फक्त एकदा माझं निघालं. त्या दिवशी त्यानं मला मिठाई आणायला पाठवलं आणि ती साऱ्या जिनात वाटली. वाटताना प्रत्येकाला सांगितलं, "गनपतचं बरोबर निघालं. परत कधी निघंल माहीत नाही, खाऊन घ्या."

मग जिनात विजेची मोटर आली. इंजन विकायला निघालं. पूर्णा नदीपलीकडे, संग्रामपूरच्या वाटेवर तेलाची गिरणी टाकणाऱ्या एकानं ते घेतलं. मॅनेजरनी त्याला सांगितलं, इंजन जुनं आहे, कुरकुर करतं. तो माणूस हुशार होता. म्हणाला, "ज्याच्या हातात इतकी वर्षं चाललं, तो मानूस बरोबर द्या. नाही तं नको."

कोणी त्याला मिस्त्रीच्या डोळ्यांचं सांगितलं नाही. निघायच्या दिवशी मिस्त्रीनंच सांगितलं. तो माणूस म्हणाला, "माझ्या गिरनीत पाहासारखं असं काय हाये?"

उन्हाळ्याचे दिवस होते, पूर्णेचं पाणी गाड्या उतरतील इतकं कमी झालेलं. इंजन खोलून तीन गाड्यांवर चढवलं, एकेका गाडीला चार-चार बैलजोड्या. मागच्या गाडीवर चाची, ट्रंक आणि कोंबड्यांचा खुराडा. मिस्त्री पहिल्या गाडीवर, सिलिंडरशेजारी पोत्यावर बसलेला, डोक्यावर उघडी छत्री. ती स्वतःवर नाही, सिलिंडरवर धरलेली. मी रेल्वेच्या फाटकापर्यंत चालत गेलो.

फाटक बंद होतं. मेल येत होती. बैल थांबले, गाडीवान उतरले. मेल धडधडत गेली आणि तिच्या धुराचा लोट आमच्या साऱ्यांच्या अंगावर आला. आम्ही डोळे मिटून खोकत राहिलो. मिस्त्रीनं नाक वर केलं, एक दीर्घ श्वास घेतला आणि छत्री उगारून जाणाऱ्या गाडीच्या मागे ओरडला, "अबे ड्रायव्हर! हवा दे बे, हवा! कोळसा कच्चा जाळून राह्यला!"

गाडी केव्हाच पुढे गेली होती. फाटक उघडलं, बैलांनी जोर लावला, आणि मिस्त्री अजून त्या ड्रायव्हरला समजावून सांगत होता.